अडगळीचा वेढा

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आपल्याकडे घरोघरी एक छोटीशी मोहीम निघते. गृहिणी पदर खोचून आणि डोक्याला फडके बांधून सिद्ध होते, शेजाऱ्यांची शिडी मागून आणली जाते, आणि वर्षभर ज्याची कोणाला आठवण नव्हती तो माळा एकदम घराच्या केंद्रस्थानी येतो. वरून एकेक वस्तू खाली येऊ लागते. दांडा मोडलेली छत्री, झाकण हरवलेला डबा, तीन पायांचा पाट, कोण्या एके काळी बंद पडलेला पंखा, धाकट्याच्या मुंजीत आलेले तांबे.

"हे टाकायचं का?" खालून प्रश्न येतो.

"राहू दे. लागेल कधी तरी," वरून उत्तर येते.

आणि संध्याकाळी पाहावे, तर खाली उतरलेल्या शंभर वस्तूंपैकी नव्वद वस्तू नीट पुसून पुन्हा माळ्यावर विराजमान झालेल्या असतात. "लागेल कधी तरी" या शब्दांवर आपले निम्मे संसार उभे आहेत. त्यात वावगे काही नाही. ज्यांनी रेशनच्या रांगा आणि दुष्काळाची वर्षे पाहिली, त्यांच्या हातून सुतळीचा तुकडाही सहज फेकला जात नाही. या सवयीला आपण काटकसर म्हणतो आणि तिचे कौतुकही करतो.

पण काही घरे अशी असतात, की तेथे माळा घरात राहत नाही. घरच माळ्यात राहू लागते. अशा एका घराची हकीकत मला आज सांगायची आहे. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते. कारण त्या घराच्या बाबतीत जी मोठी चूक झाली, ती करणाऱ्यांत मी होतो.

खर्ड्याचे घर

खर्डा म्हटले, की शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला १७९५ साल आठवते. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्याच्या) जामखेड तालुक्यातील हे गाव. बालाघाटच्या डोंगरांचा शेजार, पाऊस बेताचा, आणि गावाला निंबाळकरांच्या वैभवाची आठवण देणारा भुईकोट किल्ला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एकत्र आले, ते शेवटचेच. निजामाची फौज मोडली, आणि खुद्द निजाम आपला लवाजमा घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. किल्ला त्याचे रक्षण करील असे त्याला वाटले. प्रत्यक्षात तो त्यात कोंडला गेला, आणि अखेर त्याला तह करावा लागला.

माझी आत्या या गावात राहत असे. ती शाळेत शिक्षिका होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हते. गावातील दोन पिढ्या तिच्या हाताखाली पाढे शिकल्या, म्हणून सारे गाव तिला नुसते "बाई" म्हणे. निवृत्त झाल्यावर ती तिथेच, दगडी जोत्याच्या जुन्या चार खणी घरात एकटी राहिली.

लहानपणी आम्ही सुटीत तिच्याकडे जात असू. तेव्हा ते घर लख्ख असे. बदल कधी झाला हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही, कारण तो एका दिवसात झालाच नाही. प्रथम एका कोनाड्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसू लागल्या. मग वर्तमानपत्रांची चळत, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरे. पुढे तेलाचे डबे, बारदाने, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, फाटक्या लुगड्यांची गाठोडी, आणि शाळेतल्या मुलांच्या वह्या. वह्या तर किती! एक खोली भरली, तिचे दार ओढून घेतले गेले. मग दुसरी भरली. अखेर दारापासून अंथरुणापर्यंत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरली. स्वयंपाकाच्या ओट्यावर डबे रचलेले, म्हणून ती स्टोव्ह जमिनीवर, कागदांच्या शेजारी पेटवी. नगरसारख्या विंचू-सापांच्या मुलखात अशा ढिगाऱ्यात हात घालणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही गेलो, की ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राही. "आत पसारा आहे रे, इथंच ओट्यावर बसू," म्हणे. पुढे पुढे तिने कोणाला चहालाही बोलावणे सोडले. संक्रांतीचे हळदीकुंकू बंद झाले. चतुर, बोलकी बाई. पण ती आपल्या घराच्या दाराआड दिसेनाशी होऊ लागली.

दोन ट्रॉल्या

२००८ साली तिच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी आम्ही तिला पुण्याला आणले, आणि आम्हा भाच्यांच्या मनात एक "शुभ" विचार आला. ती येथे आहे तोवर घर साफ करून टाकावे! नव्या डोळ्यांनी स्वच्छ घर पाहील, सुखावेल. दिवाळीही तोंडावर आलेली. आम्ही तिघे चुलतभाऊ खर्ड्याला गेलो. चार गडी लावले, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून सामान बाहेर काढले, भंगार होते ते भंगारवाल्याला दिले आणि उरलेले गावाबाहेर पेटवून दिले. भिंतींना चुना लावला. दारात रांगोळी काढवून घेतली. फार मोठे पुण्यकर्म केल्याच्या आनंदात आम्ही वसुबारसेच्या दिवशी तिला घरी घेऊन आलो.

ती दारात उभी राहिली. आत गेली. प्रत्येक खोलीतून एकदा फिरली. ओरडली नाही, रडली नाही. फक्त एवढेच विचारले, "मुलांच्या वह्या कुठं आहेत?"

त्या दिवाळीत ती आमच्याबरोबर जेवली नाही. आम्ही निघताना तिने आम्हाला वाटेला लावले नाही. वर्षभरात घर पुन्हा भरले, आणि पूर्वीपेक्षा दाट भरले. फरक एवढाच पडला, की आता दाराला आतून कडी असे, आणि आमची हाक ऐकू आली तरी ती कडी निघत नसे.

आम्ही रागावलो. "कृतघ्न" हा शब्दही आमच्या बैठकीत उच्चारला गेला. पुष्कळ वर्षांनी, या विषयावरचे वाचन केल्यावर मला कळले, की जगभर हजारो कुटुंबांनी हीच चूक याच पद्धतीने केली आहे, आणि तिचे फळही सर्वत्र हेच मिळाले आहे.

न्यूयॉर्कचे दोन भाऊ

या विषयातील सर्वांत गाजलेली हकीकत न्यूयॉर्क शहरातली आहे. होमर आणि लँग्ली कॉलियर हे दोघे भाऊ चांगल्या घराण्यातले. वडील डॉक्टर. होमर वकील झाला. लँग्ली उत्तम पियानो वाजवीत असे. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील हार्लेम भागातल्या वडिलार्जित घरात ते राहत. आईवडिलांच्या मागे दोघे हळूहळू जगापासून तुटत गेले. १९३३ च्या सुमारास होमरची दृष्टी गेली, पुढे अंगही लुळे पडले. लँग्लीने भावाची सेवा आरंभली. भाऊ एक दिवस पुन्हा पाहू लागेल, तेव्हा त्याला मधल्या काळातल्या बातम्या वाचायला मिळाव्यात म्हणून तो रोजची वर्तमानपत्रे साठवू लागला! चोरांच्या भीतीने त्याने त्या कागदांच्या भिंतींतून भुयारे केली आणि त्यांत सापळे लावले.

२१ मार्च १९४७ रोजी पोलीस वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरले, तेव्हा होमर मृतावस्थेत सापडला. लँग्लीचा पत्ता नव्हता. गावोगाव शोध झाला. आणि घर उपसता उपसता ८ एप्रिलला तो सापडला, भावापासून अवघ्या दहा फुटांवर! भावासाठी अन्न घेऊन जाताना तो आपल्याच सापळ्यात अडकून ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. त्यांत चौदा पियानो होते. पुढे ते घर पाडण्यात आले. आज त्या जागी दोघा भावांच्या नावाची एक चिमुकली बाग आहे, आणि न्यूयॉर्कचे बंबवाले अजूनही सामानाने कोंदलेल्या घराला "कॉलियरचा वाडा" म्हणतात.

त्या वेळी शेजारपाजारचे लोक या भावांना भुतासारखे भीत, मुले त्यांच्या खिडक्यांवर दगड मारीत. बातम्या छापणाऱ्यांना त्यात गंमत दिसली. भावाच्या डोळ्यांची वाट पाहत वर्तमानपत्रे जपून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

कंजूषपणा नव्हे, आळसही नव्हे

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला जायला आणखी अर्धे शतक लागले. रँडी फ्रॉस्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९३ पासून या विषयावर नेटाने संशोधन केले, आणि गेल स्टेकेटी या विदुषीची त्यांना साथ मिळाली. पूर्वी या वागण्याला इतर मनोविकारांचे एक लक्षण समजत. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे. डॉक्टर त्याला "होर्डिंग डिसऑर्डर" म्हणतात. आपण त्याला साठवणीचा आजार म्हणू. व्यापारी नफ्यासाठी करतो ती साठेबाजी वेगळी. तेथे माल बाहेर काढण्याचा मुहूर्त ठरलेला असतो. येथे तो मुहूर्त कधीच येत नाही.

निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की शंभरांत दोन-तीन माणसांना हा आजार असतो. म्हणजे मध्यम आकाराच्या एखाद्या सोसायटीत असे एखादे घर सहज असावे! लक्षणे बहुधा किशोरवयात दिसू लागतात. पण घर भरायला वर्षे लागतात, म्हणून आजार डोळ्यांत भरतो तो उतारवयात. सुमारे निम्मे रुग्ण सांगतात, की आपल्या रक्ताच्या नात्यात असे आणखी कोणी आहे. जोडीला खिन्नता किंवा चिंतेचा विकार पुष्कळदा असतो.

मग काटकसरी माणूस आणि हा रुग्ण यांत भेद कोणता? वस्तू किती आहेत हा नव्हे. संग्राहकाकडे दहा हजार नाणी असतील. पण ती ओळीने मांडलेली असतात आणि पाहुण्याला अभिमानाने दाखवली जातात. साठवणीच्या आजारात वस्तू टाकण्याचा नुसता विचारही जिवाला घोर लावतो, आणि घराच्या जागा आपापल्या कामाच्या राहत नाहीत. ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपता येत नाही, न्हाणीघरात नाहता येत नाही. ही खूण लक्षात ठेवावी.

गरिबीमुळे माणूस असा होतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मीही आत्याच्या बाबतीत १९७२ च्या दुष्काळाकडे बोट दाखवीत असे. पण अभ्यास वेगळे सांगतात. हलाखीत वाढलेलेच लोक या आजारात अधिक सापडतात, असे आढळत नाही. आणि खरेच आहे. त्या दुष्काळात सारा जामखेड तालुका होरपळला. घर मात्र एकटीचेच भरले. जवळच्या माणसाचा वियोग, एकाकीपणा, आयुष्याला बसलेला एखादा जबर धक्का यांच्याशी या आजाराचे नाते अधिक दिसते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. रुग्णांना यंत्राखाली ठेवून त्यांच्यासमोर कागद धरण्यात आले. काही त्यांच्या स्वतःच्या टपालातले, काही परक्याचे. ठेवायचा की फाडायचा, एवढेच सांगायचे. परक्या कागदाच्या वेळी मेंदूचे विशिष्ट भाग थंड होते. स्वतःचा कागद येताच तेच भाग कमालीचे चाळवले. म्हणजे आपल्याला जी क्षुल्लक रद्दी दिसते, तिच्यासंबंधी निर्णय घेताना त्या माणसाच्या मेंदूत वादळ उठलेले असते. "एवढं साधं कळत नाही?" असे आपण विचारतो. त्याला कळते, पण त्याच्या हातून निर्णय होत नाही.

आता आमच्या दोन ट्रॉल्यांचा विचार करा. जिला एका कागदाचा निर्णय पेलत नव्हता, तिच्या सबंध आयुष्याचा निर्णय आम्ही तिच्या पाठीमागे एका दिवसात लावून टाकला होता!

शनिवारचा एक तास

आत्याच्या दाराची कडी अखेर निघाली ती आमच्या हाताने नव्हे. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहत असे. ती आत्याचीच विद्यार्थिनी. तिने एका शनिवारी दारात उभे राहून सांगितले, "बाई, मी काहीच टाकणार नाही. नुसती बसते. तुमच्या हातची गाणी ऐकून लई वर्षं झाली."

गाणी म्हणजे शाळेतल्या कविता. त्या दिवशी ती उंबऱ्यावर तास-दीड तास बसली. पुढच्या शनिवारी पुन्हा. महिनाभर नुसते बोलणे. मग एक दिवस म्हणाली, "बाई, स्टोव्ह कागदाशेजारी पेटतो त्याची मला रात्री झोप येत नाही. ओट्यावरचे तेवढे डबे तुमच्याच हाताने दुसरीकडं ठेवू या का?"

हे शब्द नीट पाहावेत. "घाण काढू" नव्हे, "लाज वाटते" नव्हे. मला तुमची काळजी वाटते, आणि हात तुमचाच राहील.

ओटा मोकळा व्हायला दीड महिना लागला. एका तासात दहा-बारा वस्तूंचा विचार व्हायचा. ज्यांच्याबद्दल मन ठरत नसे त्यांच्यासाठी एक रिकामा डबा ठेवला. त्याला दोघी हसून "विचाराचा डबा" म्हणत. पुढे बचत गटातल्या आणखी दोघी येऊ लागल्या. कोणी शेंगा सोलीत बसे, कोणी आपल्याच घरची कपड्यांची पिशवी आणून निवडी, म्हणजे आत्याला आपण एकटीच निवडायला बसलो आहोत असे वाटत नसे. कोणी बाहेर जाऊन तिच्या घराची चर्चा करायची नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला.

दोन वर्षांत घर लख्ख झाले असे मी लिहिले, तर ते खोटे होईल. दोन खोल्या अखेरपर्यंत भरलेल्याच होत्या. पण ओटा मोकळा झाला, अंथरूण मोकळे झाले, दारापर्यंत सरळ चालता येईल एवढी वाट झाली. आणि एका संक्रांतीला, पंधरा-सोळा वर्षांनंतर, बाईंच्या घरी हळदीकुंकू झाले.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला मानसशास्त्राचे नावही ठाऊक नव्हते. पण ती जे करीत होती, त्याची तिकडे सातासमुद्रापार रीतसर परीक्षा झालेली आहे. फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी लहान गटांचा एक क्रम आखला. आठवड्याला एक बैठक, अशा पंधरा-सोळा बैठका. आणि गट चालवणारा डॉक्टरच हवा असे नाही. या त्रासातून स्वतः गेलेला माणूसही तो चालवू शकतो. सॅन फ्रान्सिस्को भागात तीनशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या तुलनेत, २०१८ साली असे दिसून आले, की अशा समदुःखी माणसांनी चालवलेले गट मानसशास्त्रज्ञांनी चालवलेल्या गटांपेक्षा कमी गुणकारी ठरले नाहीत. या आजारावर खात्रीची गोळी अजून हाती आलेली नाही. विचार आणि वर्तन हळूहळू बदलण्याचे उपचार आहेत, आणि माणसांचा आधार आहे.

जपानातही अशा घरांचा प्रश्न मोठा आहे. टोकियोच्या अदाची विभागाने २०१३ पासून यासाठी नियम केले, आणि त्यांत नुसती सक्ती न ठेवता मदतीचीही सोय ठेवली. अमेरिकेतील अनेक शहरांत बंबवाले, आरोग्य खाते, वृद्धांची सेवा करणाऱ्या संस्था आणि घरमालक यांच्या एकत्र समित्या आहेत. एका खात्याने नोटीस लावायची आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा, या प्रकाराला त्यामुळे आळा बसतो.

जामखेडने दाखवलेली वाट

पण माणसांच्या आधाराचे शास्त्र शिकायला आपण सॅन फ्रान्सिस्कोला कशाला जावे? ते खर्ड्याच्याच तालुक्यात घडले आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. तेव्हा या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. दांपत्याच्या लवकरच लक्षात आले, की दवाखान्यात बसून हे थांबणार नाही. मग त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडायला लावली. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा त्या वेळी अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातींतल्या. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत, शिकत, एकमेकींना शिकवत आणि गावी जाऊन ते करीत. जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बालमृत्यूंचा तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत. पण त्यांचे काम चालू आहे आणि देशोदेशीचे लोक ते पाहायला जामखेडला येतात.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? संबंध कुष्ठरोगाशी आहे. त्या काळी कुष्ठरोगी लपवला जाई किंवा गावाबाहेर काढला जाई. जामखेडच्या बायकांनी त्याला गावातच ठेवून औषध दिले, त्याच्याबरोबर बसल्या-उठल्या, आणि गावाची भीती कमी केली. जो रोग लाजेमुळे लपतो, त्याला औषधाआधी शेजार लागतो, हे त्यांनी करून दाखवले. २००७ साली याच भागातल्या स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मंडळात येणे-जाणे सुरू झाल्यावर मनाला धीर आला, असे त्या स्त्रियांनी त्यात सांगितले आहे.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा व्यसनातून सुटलेली माणसेच नव्यांना हात देऊ लागली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी एकत्र बसून बोलावे, यासाठी कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात संस्था उभी राहिली. "हे आमच्याच घरी आहे" असे वाटून जे लोक कुढत होते, त्यांना तेथे दुसरे घर भेटले. साठवणीच्या आजाराला असाच शेजार हवा आहे.

आपण काय करावे?

आता प्रत्यक्षाकडे वळू. आपल्या नात्यात, चाळीत किंवा सोसायटीत असे घर असेल, तर काय करावे?

पहिली गोष्ट, पाठीमागून काही टाकू नये. एक चिठोरेही नाही. वस्तू जाईल, पण तिच्याबरोबर विश्वासही जाईल, आणि तो भंगारवाल्याकडून परत आणता येत नाही.

दुसरी, "कचरा", "उकिरडा", "वेड" हे शब्द जिभेवर येऊ देऊ नयेत. ती माणसे ज्याला "माझ्या वस्तू" म्हणतात, त्याला आपणही "तुमच्या वस्तू" म्हणावे.

तिसरी, सौंदर्याच्या आधी सुरक्षेचे पाहावे. आग लागेल का? वाटेत पडून पाय मोडेल का? दार उघडेल का? ओटा, अंथरूण आणि बाहेर जाण्याची वाट या तीन जागा मोकळ्या झाल्या, तर पुष्कळ झाले. बाकीचे सावकाश.

चौथी, एकट्याने हा भार घेऊ नये. सून एकटी झिजते आणि शेवटी कडाका होतो. दोन-तीन माणसांनी वार वाटून घ्यावेत. तास एक, वस्तू थोड्या, आणि निर्णय ज्याचा त्याचा.

पाचवी, आजार आहे तर तज्ज्ञालाही विचारावे. खिन्नता असेल तर तिच्यावर उपचार आहेत. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. त्यावर मराठीत बोलता येते. रुग्ण यायला तयार नसेल, तर नातेवाइकांनी स्वतःसाठी सल्ला घ्यावा. तोही उपयोगी पडतो.

आणि सोसायटीच्या कमिट्यांना एक विनंती. नोटीस लावण्याआधी एकदा कोणी तरी चहाला जाऊन यावे. वास येतो, झुरळे होतात, शेजाऱ्यांना त्रास होतो, हे सारे खरे आहे, आणि त्यांची तक्रारही खोटी नाही. पण नोटीस वाचून ज्याच्या हातून घर आवरले जाईल, त्याने ते आधीच आवरले नसते का?

आत्या २०१७ साली गेली. आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर, आणि उशाशी शेजारणी असताना. दिवसकार्य झाल्यावर आम्ही भाचे आणि ती शिवणकाम करणारी बाई मिळून घर आवरायला बसलो. या वेळी ट्रॉली नव्हती. पुष्कळसे खरोखरच टाकाऊ होते, ते टाकले. एका ट्रंकेत मात्र वह्या होत्या. २००८ नंतर तिने जुन्या विद्यार्थ्यांकडून मागून जमवलेल्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तिच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती. हा एस.टी.त कंडक्टर आहे. हिचे सासर बीडला, दोन मुली. हा फौजेत गेला. हा गेला, पावसाळ्यात, विहिरीत.

मूलबाळ नसलेल्या बाईने आपला गोतावळा असा लिहून ठेवला होता. आधीच्या वह्यांच्या पानांवर काय लिहिले होते, ते आता कोणालाच कळणार नाही. त्या आम्ही दिवाळीच्या आधी गावाबाहेर पेटवल्या.

या दिवाळीत आपणही माळा काढाल. जरूर काढा. आपल्या घरातले "लागेल कधी तरी" निम्म्यावर आणा. आणि नात्यातल्या ज्या घराचे दार हल्ली उघडत नाही, तिथे फराळाचा डबा घेऊन जा. आत बोलावले नाही तर ओट्यावर बसा. घराकडे पाहू नका, माणसाकडे पाहा. आणि निघताना एवढेच सांगा, की पुढच्या शनिवारी पुन्हा येतो.